फाइल फॉरमॅटला व्हर्जन नंबर कसा द्यावा: नव्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या बागायतदारांच्या एका संस्थेसाठी तुम्ही खरेदीचा प्रोग्रॅम लिहिताय असं धरू. मुख्य कचेरी फोंड्याला, खरेदी केंद्रं वाळपई, साखळी आणि काणकोणला. काजूच्या हंगामात प्रत्येक केंद्रावर रोजची खरेदी नोंदवली जाते: बागायतदाराचं नाव, गाव, तालुका, मालाची प्रत, वजन, दर. संध्याकाळी त्या दिवसाची एक फाइल तयार होते आणि ती मेलने, व्हॉट्सअॅपने किंवा नेट गेलं असेल तर पेनड्राइव्हवरून फोंड्याला पोचते. दुरुस्ती असेल तर फोंड्याहून परत केंद्रावर येते.

आता प्रोग्रॅममध्ये सुधारणा झाली. फोंड्याच्या संगणकावर ती सोमवारी चढली, साखळीला गुरुवारी, काणकोणला कदाचित पुढच्या महिन्यात. मधल्या काळात नव्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या फाइली जुना प्रोग्रॅम उघडणार आणि जुन्याने लिहिलेल्या नवा उघडणार. फाइल लिहिणारा आणि वाचणारा प्रोग्रॅम एकाच क्षणी बदलत नाहीत, म्हणून फॉरमॅटला व्हर्जन नंबर लागतो. तो नंबर मुख्यतः वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतो. माणसाला तो दिसला नाही तरी चालतं. ही फाइल मला नीट वाचता येईल का, आणि बदलून पुन्हा सेव्ह केली तर त्यातलं काही हरवेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रोग्रॅमला त्या नंबरवरून मिळायला हवीत. जो नंबर ही उत्तरं देत नाही तो नुसती शोभा.

पहिली पायरी: प्रोग्रॅमचा नंबर आणि फॉरमॅटचा नंबर वेगळे ठेवा

नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रोग्रॅमचाच नंबर फाइलमध्ये घालणं. प्रोग्रॅम ३.२.१ चा ३.२.२ झाला तो फक्त छपाईची पावती नीट दिसावी म्हणून. फाइलच्या रचनेत एका बाइटचाही फरक नाही. तरी काणकोणचा जुना प्रोग्रॅम ‘३.२.२’ पाहून फाइल नाकारतो, किंवा रोज कोणीतरी फोन करतं म्हणून तुम्ही ती तपासणीच काढून टाकता. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण पुढे खरोखर रचना बदलेल तेव्हा रोखणारं काही उरलेलं नसतं.

एसक्यूलाइटकडे पाहा. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये ठेवणारी ही लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड. त्याची तिसरी पिढी २००४ मध्ये आली, तेव्हापासून लायब्ररीचे नंबर सतत पुढे सरकत आले आहेत. पण डेटाबेस फाइलच्या सुरुवातीच्या १६ बाइटांत आजही ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ हेच लिहिलेलं असतं.

प्रोग्रॅमचा नंबर फाइलमध्ये जरूर नोंदवा, मात्र वेगळ्या रकान्यात आणि फक्त माहितीसाठी. फाइल उघडायची की नाही हे त्यावरून ठरवू नका. त्याचा खरा उपयोग एकाच वेळी होतो: प्रोग्रॅमच्या एखाद्या आवृत्तीने चुकीची आकडेमोड करून फाइली लिहिल्या असं नंतर उघडकीला आलं, तर नेमक्या त्याच फाइली शोधून काढता येतात.

दुसरी पायरी: नंबर ठरवण्याआधी जुना प्रोग्रॅम कसा वागेल ते लिहून काढा

कागद घ्या आणि तीन परिस्थिती लिहा. एक: नवी फाइल जुन्या प्रोग्रॅमला वाचताही येते आणि बदलून सेव्हही करता येते. दोन: वाचता येते, पण सेव्ह केली तर नुकसान होतं. तीन: वाचूच नये, कारण वाचली तर चुकीचं दिसेल.

बहुतेक जण पहिली आणि तिसरी परिस्थिती लक्षात घेतात, दुसरी विसरतात. नुकसान तिथेच होतं आणि गुपचूप होतं. समजा तुम्ही काजूबियांच्या आर्द्रतेचा नवा रकाना वाढवला आणि फोंड्याला त्या टक्केवारीवरून दरात कपात होते. काणकोणचा जुना प्रोग्रॅम ती फाइल छान उघडतो. त्याला न कळणारा रकाना तो सोडून देतो. तिथला कारकून एका नावाची वेलांटी दुरुस्त करतो आणि सेव्ह करतो. आर्द्रतेचे सगळे आकडे गेले. स्क्रीनवर कुठलीही चूक दिसली नाही, फाइल पुन्हा फोंड्याला गेली आणि बागायतदारांना पैसे चुकीचे मिळाले.

जाणत्या मंडळींनी ही दुसरी परिस्थिती फॉरमॅटमध्येच बसवलेली असते. एसक्यूलाइटच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या ठरलेल्या भागात, शून्यापासून मोजलं तर १८ व्या बाइटमध्ये लेखनाचा नंबर आणि १९ व्या बाइटमध्ये वाचनाचा नंबर असतो. वाचनाचा नंबर लायब्ररीला कळणाऱ्या मर्यादेत असेल आणि लेखनाचा त्यापुढचा असेल, तर डेटाबेस फक्त वाचण्यासाठी उघडायचा. वाचनाचाच नंबर पुढचा असेल तर हातच लावायचा नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्येही (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या रचनेत) नव्या सोयींच्या खुणा तीन गटांत ठेवलेल्या असतात: न कळली तरी चालेल अशी, न कळली तर फक्त वाचावं अशी, आणि न कळली तर उघडूच नये अशी.

तिसरी पायरी: नंबराची पद्धत निवडा

आता पद्धती पाहू. कुठलीही पद्धत मुळात चूक नसते, पण प्रत्येकीत काही सांगता येतं आणि काही नाही.

एकच पूर्णांक: १, २, ३, ४. सर्वांत सोपी. नंबर माझ्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर फाइल उघडू नको, एवढाच नियम. फाइल एकाच संगणकावर राहणार असेल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंगची किंवा कॅशची फाइल असेल, तर यापुढे जायची गरज नाही. जावाच्या क्लास फाइलमध्ये मेजर आणि मायनर असे दोन नंबर असले तरी व्यवहारात पाहिला जातो तो मेजर: जावा ८ साठी ५२, जावा १७ साठी ६१. जुन्या जावावर नवी क्लास फाइल चालवायला गेलं की सरळ नकार मिळतो.

मेजर आणि मायनर: मेजर बदलला तर वाचू नको, मायनर वाढला तर वाच. चांगली आणि परिचित पद्धत. पण मायनर वाढलेली फाइल सेव्ह करायची का, याबद्दल ती आपण होऊन काही सांगत नाही. तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो आणि बहुतेक जण लिहीत नाहीत.

तीन भागांचा नंबर, म्हणजे सेमॅंटिक व्हर्जनिंग: ही पद्धत लायब्ररीसाठी बनलेली आहे आणि तिथे ती उत्तम चालते. फॉरमॅटमध्ये तिसऱ्या भागाला काम नसतं. लायब्ररीत तिसरा नंबर बग सुधारल्याची खूण असतो. फाइल म्हणजे ठेवलेले बाइट; त्यांची रचना तरी बदलते किंवा बदलत नाही. फॉरमॅटच्या वर्णनातलं एखादं वाक्य सुधारलं तर वर्णनाच्या कागदावर तारीख बदला, फाइलमधला नंबर तसाच राहू दे.

तारीख किंवा वर्ष: जीआयएफच्या सुरुवातीला ‘८७ए’ किंवा ‘८९ए’ असतं, ती वर्षांची खूण. पण ८७ कळणाऱ्या प्रोग्रॅमने ८९ वाचावी की नाही हे त्या अक्षरांवरून समजत नाही. फॉरमॅटसाठी आम्ही ही पद्धत सुचवणार नाही.

नंबरच नाही: पीएनजीच्या फाइलमध्ये फॉरमॅटचा व्हर्जन नंबर नसतोच. १९९६ च्या पहिल्या वर्णनापासून फाइल तुकड्यांची बनलेली आहे आणि प्रत्येक तुकड्याला चार रोमन अक्षरांचं नाव असतं. पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं असेल तर तो तुकडा कळल्याशिवाय चित्र दाखवू नये. लहान असेल तर न कळल्यास ओलांडून पुढे जावं. चौथं अक्षर आणखी बारीक गोष्ट सांगतं: चित्र बदलल्यावर हा न कळणारा तुकडा तसाच नव्या फाइलमध्ये उतरवला तर चालेल का. वेगवेगळ्या संस्थांचे अनेक प्रोग्रॅम एकाच फॉरमॅटवर काम करत असतील तिथे ही रचना फार मोलाची. पण ती पहिल्या दिवसापासून नीट आखावी लागते, आणि तीन केंद्रांच्या खरेदी प्रोग्रॅमला ती जड होईल.

आमचा सल्ला: फाइल एकापेक्षा जास्त संगणकांवर फिरणार असेल तर एसक्यूलाइटसारखे दोन पूर्णांक ठेवा, वाचन-नंबर आणि लेखन-नंबर. वापर असा. फॉरमॅटमध्ये झालेल्या प्रत्येक बदलाला पुढची पातळी मिळते: १, २, ३. प्रोग्रॅमला स्वतःला कळणारी सर्वांत वरची पातळी ठाऊक असते. फाइलमधला वाचन-नंबर सांगतो की वाचायला किमान कुठली पातळी हवी. लेखन-नंबर सांगतो की बदलून सेव्ह करायला किमान कुठली हवी. आर्द्रतेचा रकाना ४ थ्या पातळीत आला असेल तर तशा फाइलचा वाचन-नंबर १ च राहतो आणि लेखन-नंबर ४ होतो. काणकोणचा ३ ऱ्या पातळीचा प्रोग्रॅम ती फाइल दाखवेल, छापेल, पण ‘सेव्ह’चं बटण बंद ठेवेल.

चौथी पायरी: नंबराची जागा कायमची ठरवा

ही जागा पुन्हा कधीही बदलता येत नाही. वीस वर्षांनीसुद्धा, फॉरमॅट पूर्ण बदलला तरी, नंबर त्याच ठिकाणी सापडला पाहिजे. म्हणून तो फाइलच्या अगदी सुरुवातीला ठेवा आणि कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट केलेल्या भागाच्या बाहेर ठेवा. आतला भाग उघडायची रीतच पुढे बदलली तर आत लपलेला नंबर वाचणार कसा?

बायनरी फाइलसाठी १६ बाइटांचं हेडर पुरे. पहिले ८ बाइट ओळखखूण, पुढचे २ वाचन-नंबर, पुढचे २ लेखन-नंबर, शेवटचे ४ हेडरची एकूण लांबी. लांबी लिहिली की पुढे हेडर वाढवता येतं आणि जुना प्रोग्रॅम न कळणारा भाग ओलांडून मजकुरापर्यंत पोचतो. ओळखखूण पीएनजीच्या धर्तीवर करा. तिचे बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे आहेत. १३७ हा १२७ च्या वरचा, म्हणून फाइल प्रत्येक बाइटातले सातच बिट नेणाऱ्या मार्गातून गेली तर तो ९ होतो आणि बिघाड लगेच कळतो. १३ आणि १० ही जोडी आणि शेवटचा १० ओळ संपल्याच्या खुणांसाठी: फाइल मजकूर समजून कोणी पाठवली आणि वाटेत त्या खुणा बदलल्या तर जोडी मोडते किंवा १० च्या जागी दोन बाइट होतात. मधला २६ डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘टाइप’ कमांडने फाइल दाखवली तर स्क्रीनवर कचरा येण्याआधी थांबवण्यासाठी. मधली तीन अक्षरं तेवढी तुमच्या फॉरमॅटची घाला.

बाइटांचा क्रम वर्णनात लिहा, लहान बाइट आधी की मोठा आधी. हे न लिहिल्यास काय होतं ते ओळखायला सोपं आहे: १ लिहिलेला नंबर उलटा वाचला की २५६ दिसतो.

जेसनसारख्या मजकुरी फाइलीत नंबर सर्वांत बाहेरच्या पातळीवर ठेवा. माणसाला दिसावा म्हणून पहिला लिहा, पण तो पहिलाच असेल असं प्रोग्रॅमने धरू नये, कारण जेसनमध्ये नावांच्या क्रमाला अर्थ नसतो. आणि नंबर दशांश चिन्हाचा करू नका. १.१० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की जेसन काय आणि यामल काय, दोन्हींत तो आकडा म्हणून १.१ होतो. तुमची दहावी मायनर आवृत्ती पहिली होऊन बसते. अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिला तर दुसरा घोळ: मजकुराची तुलना केली की ‘१.१०’ हा ‘१.९’ च्या आधी येतो. दोन स्वतंत्र पूर्णांक ठेवले तर यातलं काहीच होत नाही.

एकच नंबर दोन ठिकाणी ठेवू नका. पीडीएफमध्ये तसं करावं लागलं आहे आणि त्यामागे कारण आहे: पीडीएफमध्ये बदल फाइलच्या शेवटी जोडता येतात, तेव्हा सुरुवातीची ओळ बदलता येत नाही. म्हणून १.४ पासून आतल्या कॅटलॉगमध्येही व्हर्जन लिहिण्याची सोय आली आणि तिथला नंबर सुरुवातीच्या ओळीतल्यापेक्षा पुढचा असेल तर तो धरायचा. फक्त पहिली ओळ पाहणारे प्रोग्रॅम त्यामुळे फसतात. तुमच्यावर अशी सक्ती नसेल तर जागा एकच ठेवा.

फाइल म्हणून एसक्यूलाइटचाच डेटाबेस वापरत असाल तर त्यात यासाठी आयत्या जागा आहेत: ‘अॅप्लिकेशन आयडी’ ओळखखुणेसाठी आणि ‘यूझर व्हर्जन’ नंबरासाठी. यूझर व्हर्जनमध्ये वाचन-नंबर ठेवा, लेखन-नंबर एका छोट्या टेबलात. नव्या डेटाबेसमध्ये यूझर व्हर्जन शून्य असतो, म्हणून तुमची मोजणी १ पासून सुरू करा. शून्य दिसला तर फाइल अर्धवट बनली आहे असं समजता येतं.

सीएसव्हीत नंबराला हक्काची जागा नाही. पहिल्या ओळीत घातला तर एक्सेलमध्ये रकाने सरकतात आणि कोणीतरी ती ओळ पुसतं. सीएसव्ही फक्त बाहेर देण्यासाठी काढा, मूळ नोंद त्यात ठेवू नका.

पाचवी पायरी: कुठल्या बदलाला कुठला नंबर वाढतो

इथे घाई करू नका, कारण बदल दिसायला लहान असतात.

वजन किलोत होतं, ते ग्रॅममध्ये ठेवायचं ठरलं. रकाना तोच, बाइट तेवढेच. जुना प्रोग्रॅम ४० किलोचं पोतं ४०,००० किलो दाखवेल. रचना जराही बदलली नाही, पण अर्थ बदलला. वाचन-नंबर वाढवलाच पाहिजे. त्याहून चांगला उपाय: ग्रॅमचा नवा रकाना नव्या नावाने काढा आणि जुन्या रकान्याचं नाव कायमचं निवृत्त करा. तरी वाचन-नंबर वाढतोच, कारण जुन्या प्रोग्रॅमला वजन सापडणार नाही. पण तपासणी चुकून राहिली तर तो चुकीचा आकडा दाखवण्याऐवजी अडून बसेल. अडलेला प्रोग्रॅम परवडतो, चुकीचा आकडा नाही.

नावं आधी जुन्या मराठी फॉन्टात साठवली होती, आता युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच कोड, फॉन्ट लावल्यावर देवनागरी दिसणारे. आपल्याकडे त्यात भर म्हणजे पोर्तुगीज वळणाची ख्रिस्ती नावं, ज्यांच्या रोमन लेखनात अक्षरांवर खुणा असतात. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार मिसळले तर नंतर ते वेगळे करणं जवळपास अशक्य. इथेही वाचन-नंबर वाढतो आणि एका फाइलमध्ये एकच प्रकार असेल हा नियम वर्णनात जातो.

रकान्याची मर्यादा वाढवली तर? नावासाठी ४० बाइट होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे धरून. ‘धारबांदोडा’ या एका शब्दाला ३० बाइट लागतात. ४० मध्ये १३ चिन्हंच बसतात, म्हणून मर्यादा १२० केली. जुना प्रोग्रॅम ४० बाइटांचीच जागा राखून वाचत असेल तर तो कोसळेल किंवा नाव अर्ध्या अक्षरावर तोडेल. वाचन-नंबर वाढतो. मर्यादा कमी केली तर मात्र वाचायला अडचण नाही, पण जुना प्रोग्रॅम लांब नाव लिहू शकतो, म्हणून लेखन-नंबर वाढतो.

आता याद्या. गोव्यात २०११ पर्यंत ११ तालुके होते, मग धारबांदोडा हा बारावा झाला. तालुका १ ते ११ अशा कोडने साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये १२ आला तर जुना प्रोग्रॅम काय करेल? पहिल्या दिवशी वर्णनात ‘न ओळखलेला कोड दिसला तर तो जसाच्या तसा दाखवावा आणि जसाच्या तसा सेव्ह करावा’ असं लिहिलेलं असेल आणि प्रोग्रॅम तसा वागत असेल, तर नंबर वाढवायची गरजच नाही. लिहिलेलं नसेल तर कुठलाच भरवसा नाही: एखादा प्रोग्रॅम बंद पडेल, एखादा तालुका रिकामा दाखवेल. मग वाचन-नंबर वाढवणं भाग. तेव्हा याद्यांबद्दलचा नियम आजच लिहून ठेवा. तालुका असो, मालाची प्रत असो, कराचा प्रकार असो, यादी वाढणार हे गृहीत धरा. आणि धारबांदोडा होण्याआधीच्या फाइलींत तिथली गावं जुन्या तालुक्यांच्या कोडखाली आहेत, ती तशीच राहू द्या. ती त्या दिवसाची नोंद आहे.

नवा, ऐच्छिक रकाना, ज्याचा इतर रकान्यांशी संबंध नाही, उदाहरणार्थ मोबाइल नंबर: जुना प्रोग्रॅम न कळणारे रकाने जपून ठेवत असेल तर काहीच वाढवू नका. पण नवा रकाना दुसऱ्यावरून काढलेला असेल, जसं वजनावरून काढलेली कपात, तर जपून ठेवणंही धोक्याचं. जुना प्रोग्रॅम वजन बदलेल आणि कपात जुनीच राहील. लेखन-नंबर वाढवा.

सहावी पायरी: लिहिताना लागेल तेवढाच नंबर लिहा

प्रोग्रॅम ६ व्या पातळीचा झाला म्हणून प्रत्येक फाइलवर ६ ठोकू नका. एखाद्या दिवशी आर्द्रता मोजलीच नसेल तर त्या फाइलमध्ये ४ थ्या पातळीचं काही नाही. लेखन-नंबर खालचाच लिहा, म्हणजे काणकोणला ती पूर्वीसारखी वापरता येईल. झिप हेच करतं. आतल्या प्रत्येक फाइलबरोबर, ती उघडायला किमान कुठली आवृत्ती लागते ते दोन बाइटांत लिहिलेलं असतं: साधारण कॉम्प्रेशनला २० म्हणजे २.०, आणि झिप-६४ ची मोठी मापं वापरली तरच ४५ म्हणजे ४.५. एक्सएमएल १.१ हे २००४ मध्ये आलं तेव्हा त्याच्या वर्णनातच सांगितलं होतं की १.१ ची खास सोय लागत नसेल तर १.० लिहावं.

उलट टोकही टाळा. टीआयएफएफ या चित्रांच्या फॉरमॅटच्या हेडरमध्ये ४२ हा नंबर वर्षानुवर्षं तसाच राहिला. चित्रं चार गिगाबाइटच्या मर्यादेत बसेनात आणि आतले पत्ते ६४ बिटांचे झाले तेव्हाच बिगटीआयएफएफसाठी ४३ आला. तिथे बदल योग्य होता, कारण जुन्या प्रोग्रॅमला आतलं काहीच सापडलं नसतं.

सातवी पायरी: वाचणारा भाग

क्रम असा ठेवा. आधी ओळखखूण तपासा. जुळली नाही तर ही आपली फाइल नाही. मग वाचन-नंबर. मग लेखन-नंबर. त्यानंतरच पुढचं काही वाचा. अनेकदा आधी सगळी फाइल वाचून मग नंबर पाहिला जातो. तोवर प्रोग्रॅम न कळणाऱ्या भागावर आपटून बंद पडलेला असतो आणि लिहिलेली सूचना कोणाला दिसतच नाही.

सूचना मराठीत आणि पुरी लिहा: ‘ही फाइल नव्या प्रोग्रॅमने बनवलेली आहे (पातळी ६). या संगणकावरचा प्रोग्रॅम पातळी ४ पर्यंतच्या फाइली वाचतो. फाइल सुरक्षित आहे, तिच्यात काहीही बदललेलं नाही. प्रोग्रॅम अपडेट करून पुन्हा उघडा.’ फाइल सुरक्षित आहे हे वाक्य गाळू नका. ‘अवैध फाइल’ एवढंच दिसलं की केंद्रावरचा माणूस ती पुसून सगळी खरेदी नव्याने टाइप करायला बसतो.

न कळणारे रकाने ओलांडता यावेत म्हणून प्रत्येक रकान्याआधी त्याची लांबी लिहिलेली हवी. हे पहिल्या आवृत्तीतच करा, नंतर जोडता येत नाही.

आठवी पायरी: जुन्या फाइली नव्या पातळीवर आणणं

प्रत्येक पातळीसाठी एकच छोटं फंक्शन: १ वरून २, २ वरून ३, असं पुढे. ५ वर जायचं असेल तर ही फंक्शनं एकापाठोपाठ एक चालवा. प्रकाशित झालेलं फंक्शन पुन्हा बदलू नका. एसक्यूलाइट असेल तर रचनेतला बदल आणि यूझर व्हर्जन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे पावसाळ्यात मध्येच वीज गेली तरी फाइल एक तर जुनी राहील किंवा पूर्ण नवी होईल. साध्या फाइलीसाठी नवी फाइल वेगळ्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला आणि जुनी प्रत ठेवा.

नुसती उघडली म्हणून फाइल बदलू नका. फोंड्याला पाहण्यासाठी उघडलेली फाइल आपोआप नव्या पातळीवर गेली तर ती काणकोणला परत पाठवता येत नाही.

नववी पायरी: पातळ्यांची एक यादी, एकाच ठिकाणी

प्रोग्रॅमच्या कोडबरोबर एक साधी मजकुरी फाइल ठेवा. प्रत्येक पातळीला एक ओळ: नंबर, काय बदललं, वाचन-नंबर किती, लेखन-नंबर किती. दोघे जण कोडच्या दोन शाखांवर (वेगळ्या प्रतींवर) काम करत असतील तर दोघेही आपापल्या बदलाला ५ देतात, आणि मग एकाच नंबराच्या दोन वेगळ्या रचना जगात फिरू लागतात. नंतर त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून नंबर बदल मुख्य शाखेत येताना द्या, आधी नाही. यादी एकच असल्याने टक्कर झाली तर कोडमधले बदल सांभाळणारा गिटच ती दाखवतो.

तोवर प्रयोगासाठी ६०,००० च्या पुढचे नंबर वापरा. दोन बाइटांत ६५,५३५ पर्यंत जागा आहे, आणि प्रकाशित प्रोग्रॅम इतका मोठा वाचन-नंबर पाहून आपोआप नकार देतो; वेगळा कोड लिहावा लागत नाही. एकदा प्रकाशित झालेला नंबर, बदल मागे घेतला तरी, दुसऱ्या कशाला देऊ नका.

दहावी पायरी: चाचणी

प्रत्येक पातळीची एक खरी फाइल कोडबरोबर जपून ठेवा, त्या वेळच्या प्रोग्रॅमनेच लिहिलेली. आजच्या प्रोग्रॅमकडून जुनी फाइल बनवून घेऊन चाचणी केली तर जुन्या प्रोग्रॅमच्या सवयी तिच्यात उतरत नाहीत. प्रत्येक बदलानंतर या सगळ्या फाइली उघडून आकडे जुळतात का पाहा.

दुसऱ्या दिशेची चाचणी बहुतेक ठिकाणी होतच नाही. त्यासाठी तीन फाइली हाताने बनवा: वाचन-नंबर ९९ असलेली, वाचन-नंबर १ पण लेखन-नंबर ९९ असलेली, आणि दोन्ही नंबर १ पण आत एक अनोळखी रकाना असलेली. पहिली उघडता कामा नये आणि सूचना दिसली पाहिजे. दुसरी उघडली पाहिजे, पण सेव्ह बंद हवं; ‘सेव्ह अॅज’ही तपासा, कारण तिथून हमखास वाट फुटते. तिसरी उघडून, एक नाव बदलून सेव्ह करा आणि अनोळखी रकाना बाइटाबाइटाने तसाच आहे का पाहा. ही चाचणी पहिलीच आवृत्ती केंद्रांवर देण्याआधी करा. काणकोणच्या संगणकावर एकदा चढलेला पहिला प्रोग्रॅम पुढच्या पातळ्यांच्या फाइलींशी कसा वागेल हे त्याच दिवशी ठरून जातं, आणि नंतर त्यात हात घालायची सोय नसते.